चौथ्या फरशीवर गप्प होणारी मांजरं

'जिव्हाळा' प्राणी-उपचार केंद्रात तीन वर्षांत तपासताना एकही मांजर ओरडलं नव्हतं. ही फुशारकी त्यांनी दारावरच लिहून ठेवली होती आणि ती शंभर टक्के खरी होती. आमच्या इचलकरंजीत ज्याच्या घरी मांजर, तो डोळे मिटून तिथेच जायचा. मांजर ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, भीती वाटत नाही. आणखी काय हवं? मीही असंच समजत होते. मग मे महिन्याच्या सुट्टीत एका मंगळवारी मी बाजरीला घेऊन तिथे गेले आणि मला ती चौथी फरशी दिसली.

बाजरी ही आमची मांजरी. राखाडी अंगावर बारीक ठिपके, म्हणून बाजरी. ती नऊ वर्षांची आणि मी, मैथिली मगदूम, बारा वर्षांची. तरी घरात चालतं तिचंच. सोमवारी सकाळपासून तिने खाणं सोडलं होतं. वाटीजवळ यायची, वास घ्यायची आणि मागे फिरायची. तिला भूक होती हे मला दिसत होतं, पण काहीतरी तिला खाऊ देत नव्हतं.

चालक नसलेल्या रिक्षात ती इतकी ओरडली, की प्रवाशाला मदत हवी आहे का, असं रिक्षाने तीनदा विचारलं. केंद्राचं काचेचं दार उघडलं तेव्हाही तिचं चालूच होतं. आत मोठ्या पांढऱ्या फरश्या होत्या. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या फरशीवर ती ओरडत होती. चौथ्या फरशीवर पाय ठेवला आणि तिचा आवाज मध्येच थांबला, कात्रीने दोरा कापावा तसा.

मी टोपलीत डोकावले. बाजरी तळाला चपटी होऊन बसली होती. तिचे पिवळे डोळे पूर्ण काळे झाले होते, कडेला फक्त पिवळी रेघ उरली होती. मी हाक मारली, तर कानसुद्धा हलला नाही.

माझ्यामागून एक काका नारिंगी बोका घेऊन आले. तो दारापर्यंत भांडत होता. चौथ्या फरशीवर गप्प झाला. मग एक ताई आली. तिचं पिल्लू बारीक म्यावम्याव करत होतं. तेही चौथ्या फरशीवर गप्प झालं. मला मोजायची खोड आहे, म्हणून मी मोजत बसले. अर्ध्या तासात बाजरी धरून सात मांजरं आली आणि सातही त्याच फरशीवर गप्प झाली. प्रतीक्षा-कक्षात चौदा टोपल्या होत्या आणि एकाही टोपलीत शेपूट हलत नव्हतं. माणसं मात्र हसत होती, गुणी आहेत हो सगळी, म्हणत होती. भर दुपारी, एवढ्या उजेडात, एवढ्या माणसांत माझ्या अंगावर काटा आला.

तपासणीच्या खोलीत छतातून दोन मऊ, लांब हात खाली आले. जिव्हाळ्यात माणूस डॉक्टर नव्हता, यंत्रच तपासायचं. त्याचा आवाज मात्र फार गोड होता. त्याने बाजरीला नावाने बोलावलं, वजन केलं, ताप पाहिला आणि ते म्हणालं, "आवाज शून्य. त्रास शून्य. बाजरी अगदी सुखात आहे." ती दीड दिवस जेवली नाही, असं मी सांगितलं. सुखी मांजरं उन्हाळ्यात कमी खातात, असं उत्तर देऊन त्याने पडद्यावर हिरवी खूण केली. बाजरी तेव्हा त्या हातात होती, पण दुकानातल्या कापडी खेळण्यासारखी.

घरी आल्यावर ती धुलाईयंत्राच्या मागे जाऊन बसली. टोपलीतलं फडकं ओलं होतं. नऊ वर्षांत तिने असं कधीच केलं नव्हतं. आईने हिरवी खूण पाहिली आणि सुंठीवाचून खोकला गेला म्हणून ती कामाला लागली. मला ते पटलं नव्हतं. पण बोलायचं कोणाजवळ?

आण्णांजवळ बोलायला हवं होतं आणि तेच अवघड होतं. आण्णा म्हणजे माझे आजोबा. ते ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ). पूर्वी आमच्या गावात यंत्रमागांचा एवढा खडखडाट असायचा, की शेजारी शेजारी उभी माणसं एकमेकांशी खुणांनी बोलायची. त्या मागांचा आवाज कमी करण्यात आण्णांचं अख्खं आयुष्य गेलं. जिव्हाळा सुरू होताना ते चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी त्यांनाच विचारलं होतं, की जनावराला त्रास होतो आहे हे यंत्राने ओळखायचं कसं. तेव्हा आण्णांनी त्रासमापक तयार करून दिला. जितके डेसिबल (आवाज किती मोठा आहे ते मोजायचं एकक) कमी, तितका त्रास कमी. केंद्राच्या दारात पितळी पाटीवर त्यांचं नाव आहे. आता मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, असं म्हणतात ना, तशी माझी गत झाली होती.

बुधवारी सकाळी बाजरीने पाणीही प्यायलं नाही. मग मी आण्णांना सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चहाची कपबशी बाजूला सारली.

"सातही मांजरं? एकाच फरशीवर?"

मी हो म्हणाले.

"मग ते मांजरांचं काम नव्हं," आण्णा म्हणाले. "सात मांजरं असली की सात तऱ्हा असतात. एकसारखं वागायला लावतं ते यंत्र."

त्यांनी कपाटातून एक करडी पेटी काढली. तिला लांब दांडीचा मायक्रोफोन आणि कानावर लावायचे हेडफोन होते. पूर्वी मागाचं बेअरिंग बिघडलंय का ते बघायला जॉबर (माग दुरुस्त करणारे कारागीर) स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक बेअरिंगवर आणि दुसरं कानावर टेकवायचे. पण बेअरिंग बिघडायला लागलं की आधी फार बारीक किरकिर करतं, ती माणसाला ऐकूच येत नाही. आण्णांची पेटी ती किरकिर पकडून खालच्या सुरात ऐकवायची. आवाज म्हणजे हवेची थरथर, हे त्यांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. थरथर सेकंदाला वीस हजार वेळांपेक्षा जास्त झाली, की तो श्राव्यातीत ध्वनी (माणसाच्या कानापलीकडचा आवाज) होतो. माणूस तिथे संपतो, मांजर मात्र साठ हजारांच्याही पुढे ऐकतं.

बाजरीला आईजवळ ठेवून आम्ही दोघेच गेलो. आण्णांचा नियमच होता: मागांच्या नवीन शेडमध्ये गेलं की आधी कशाला हात लावायचा नाही, कोपऱ्यात उभं राहून नुसतं ऐकायचं. आम्ही प्रतीक्षा-कक्षात बसलो. आण्णांनी हेडफोनचं एक टोक स्वतःच्या कानाला लावलं, एक माझ्या.

आधी नुसती खरखर ऐकू आली. मग दार उघडलं आणि एक बाई पांढऱ्या-काळ्या मांजराला घेऊन आत आल्या. मांजर रडत होतं. त्याबरोबर छतातून एक बारीक आवाज निघाला. पाटीवर खडू करकरावा तसा, पण लांबलचक. तो वर चढला, खाली आला, थरथरला, पुन्हा चढला. मला कळेना तो काय करतोय. मग कळलं. तो आवाज शोधत होता. मांजर ओरडतंय म्हटल्यावर तो हा सूर लावून बघत होता, तो सूर लावून बघत होता, आणि एका सुरावर मांजराचा आवाज बंद झाला. तिथेच तो थांबला आणि त्याच सुरात चालू राहिला. ते मांजर चौथ्या फरशीवर होतं. छतात, बरोबर त्या फरशीच्या डोक्यावर, एक भोंगा होता.

त्या बाई टोपलीत बघून म्हणाल्या, "बघा, इथं आली की कशी गुणी होते."

आण्णांनी कानावरून हेडफोन काढला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसलो. हा आवाज कोणी बसवला, असं मी विचारलं.

"कुणीच नाही," आण्णा म्हणाले. "त्यानं तो स्वतः शोधून काढला. आणि शोधायला मी सांगितलं."

मग त्यांनी मला एकेक पायरी करून समजावलं. छतातला भोंगा मुळात मांजरांना गप्प करायला नव्हताच. वटवाघूळ आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत कुठे आहे ते ओळखतं ना, तसं ते यंत्र श्राव्यातीत ध्वनी सोडून टोपलीतल्या जनावराचा श्वास मोजायचं. सूर कमीजास्त करायची त्याला मुभा होती. दुसरं म्हणजे, ते यंत्र प्रतिफल-शिक्षणाने (जे केल्यावर शाबासकी मिळते तेच पुन्हा करत शिकण्याने) शिकत होतं. आणि त्याला शाबासकी कशाची? खोलीतला आवाज कमी झाला की गुण जास्त. एके दिवशी चुकून एका सुराला एक मांजर गप्प झालं, यंत्राला गुण मिळाले. त्याने तो सूर पुन्हा वापरला. मग त्याहून चांगला. तीन वर्षं रोज, दर मांजरावर. त्याच्या मनात दुष्टावा नव्हता, कारण त्याला मनच नव्हतं. त्याला फक्त माझ्या आजोबांनी दिलेलं माप होतं.

"पण मांजर गप्प का होतं? त्याला तो आवाज आवडतो?" मी विचारलं.

"भ्यालेलं मांजर दोन गोष्टी करतं. पळतं, नाहीतर थिजतं."

मांजर शिकार करतं, तसं त्याची शिकारही होते. पळायला वाट नसेल तर ते थिजतं (भीतीने जागच्या जागी निश्चल होतं), म्हणजे मोठ्या जनावराला दिसू नये. आजारी असलं तरी ते लपवतं, कारण रानात कण्हणारं मांजर पहिलं मरतं. त्या चौदा टोपल्यांत चौदा मांजरं जिवाच्या भीतीने थिजून बसली होती आणि आम्ही त्यांना गुणी म्हणत होतो.

आण्णा सांगत होते, की तरुणपणी एका शेडचा मालक त्यांना म्हणाला होता, माझ्या कामगारांची आवाजाबद्दल एकही तक्रार नाही. आण्णांनी तपासलं तर निम्म्या कामगारांना ऐकूच येत नव्हतं. "हे मला ठाऊक होतं गं," ते म्हणाले. "तरी मी हेच माप त्या यंत्राला दिलं." मला त्यांचं फार वाईट वाटलं. पण त्याहून जास्त मला बाजरीची काळजी वाटत होती आणि मी तसं त्यांना सांगितलं.

ते लगेच उठले. जेवण तुटलं की मांजराच्या अंगातली चरबी यकृताकडे (अन्नाचं रसायन सांभाळणाऱ्या अवयवाकडे) धावते आणि तिथे साचून त्याचं काम बंद पाडते. बाजरीचा हा तिसरा दिवस होता. आणखी दोन-तीन दिवस असेच गेले असते, तर मूळ दुखणं राहिलं बाजूला, उपासानेच ती गेली असती. तिचं दुखणं ओळखणारा डॉक्टर आजच्या आज हवा होता.

आण्णांनी आधी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. म्हशींच्या आजारात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, की मांजर म्हणजे लहान म्हैस नव्हे, मला त्यातलं फारसं कळत नाही, तुम्ही डॉक्टर नीलोफर बागवान यांच्याकडे जा. स्वतःला काय येत नाही हे सांगणारा डॉक्टर आपल्याला आवडला, असं आण्णा फोन ठेवताना म्हणाले. तरीही त्यांनी पेटी सोबत घेतली. एका केंद्रावर डोळे मिटून विश्वास टाकून झाला होता. आता आधी बघायचं, मग बाजरीला न्यायचं.

बागवान डॉक्टरांचा दवाखाना एका जुन्या, बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये होता. दारावर खडूने लिहिलं होतं: 'बुधवारी दुपारी फक्त मांजरं. कुत्रेवाल्यांनी राग मानू नये.' आत पाय ठेवला आणि आण्णांनी कानावर हात नेला, एवढा गोंगाट. एक बोका गुरगुरत होता, एक मांजरी तारस्वरात कोणाला तरी शिव्या देत होती. आण्णांचा डेसिबलचा काटा जिव्हाळ्याच्या तिप्पट गेला असता. पण पेटीत काहीच नव्हतं. छतातून कोणी काही शोधत नव्हतं.

मी खुर्चीवर बसून बघत राहिले. टोपल्या जमिनीवर नव्हत्या, उंच फळीवर होत्या आणि एकीचं तोंड दुसरीच्या समोर नव्हतं. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पन्नाशीच्या डॉक्टरबाई, हाताला ओरखडे, चक्क जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी मांजराला ओढून काढलं नाही. टोपलीचं वरचं झाकण सोडवून बाजूला ठेवलं, वर एक फडकं टाकलं आणि मालकाशी बोलत राहिल्या. काही वेळाने मांजराने स्वतःच फडक्याखालून नाक बाहेर काढलं. मालकाने काहीतरी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते मला आत्ता नाही सांगता येणार. रक्त तपासून सांगते."

आण्णा माझ्या कानात म्हणाले, "मघापासून बाई कुणाकडं बघतेय ते बघितलंस? मालकाशी बोलतेय, पण नजर मांजरावर हाय."

मी आईला फोन केला आणि आई बाजरीला घेऊन आली.

डॉक्टरांनी बाजरीला हात लावायच्या आधी मला निदान पंधरा प्रश्न विचारले. मऊ खाते की कडक? खाताना मान वाकडी करते का? अंग चाटायचं बंद केलंय का? कुठे बसते, नेहमी कुठे बसायची? जिव्हाळ्यात मला एकही प्रश्न कोणी विचारला नव्हता. आठवून सांगताना माझ्याच लक्षात आलं, की महिनाभर बाजरी डाव्या बाजूने खात होती. मी ते रोज पाहत होते, पण मला ते दिसलं नव्हतं.

फडक्याखाली बाजरी बराच वेळ तशीच चपटी बसली. डॉक्टर वाट बघत होत्या. बाहेर गर्दी वाढली होती तरी त्यांनी घाई केली नाही. हळूहळू बाजरीच्या डोळ्यांतली पिवळी कड रुंद झाली. मग डॉक्टरांनी एका बोटाने तिच्या उजव्या गालाला, अगदी हलकेच, स्पर्श केला.

बाजरी ओरडली. असं ओरडली, की बाहेरचा गुरगुरणारा बोकासुद्धा थांबला. आणि मी रडायला लागले, दुःखाने नव्हे, सुटल्यासारखं वाटून. दोन दिवस जे तिच्या आत कोंडलं होतं ते तिने आत्ता सांगितलं होतं.

"सापडलं," डॉक्टर म्हणाल्या.

क्ष-किरण चित्रात दिसलं, की उजव्या बाजूच्या एका दाताचं मूळ जवळजवळ नाहीसं झालं होतं. मांजरांत हा आजार पुष्कळ होतो: दंतक्षरण (शरीरातल्या पेशी आपल्याच दाताला आतून खाऊन टाकतात तो आजार). वरून दात बरा दिसतो आणि आत प्रत्येक घासाला कळ उठते. यकृतावर ताण यायला नुकती सुरुवात झाली होती. त्यांनी सलाईन लावलं, दुखणं थांबवायचं औषध दिलं, दुसऱ्या दिवशी भूल देऊन दात काढला. शुक्रवारी संध्याकाळी बाजरीने पातळ केलेलं मासळीचं खाणं दोन्ही बाजूंनी खाल्लं आणि वाटी माझ्याकडे ढकलली.

आण्णा मात्र घरी थांबले नाहीत. ते संस्थेच्या लोकांना भेटले आणि माझंच माप चुकलं म्हणून सांगितलं. आपलेच दात, आपलेच ओठ, पण ते बोलले. तुमचंच यंत्र तुम्हीच मोडता का, असं कोणीतरी विचारलंही. मोडायचं नाही, त्याला नीट शिकवायचं, असं त्यांचं उत्तर होतं. मग बागवान डॉक्टर महिनाभर रोज तासभर त्या यंत्राला शिकवत होत्या: कान किती वळले, मिशा किती ताठ, डोळ्याची बाहुली केवढी, पापणी किती मिटली. आता मांजराच्या कानामिशांचा ताण उतरला की यंत्राला गुण मिळणार होते. खोलीत आवाज किती, हे कोणी मोजणार नव्हतं. आणि नवं माप तयार होईपर्यंत संस्थेने बंद करू न दिलेला छतातला भोंगा आता कायमचा बंद होणार होता.

भोंगा बंद करायचा होता त्या सकाळी मी, आण्णा आणि बागवान डॉक्टर, तिघंही तिथे होतो. कक्ष भरलेला होता. आण्णांनी स्वतः बटण दाबलं. एक क्षण काहीच झालं नाही. चौदा-पंधरा टोपल्या, काळे डोळे, आणि एसीची नेहमीची गार हवा. मला वाटलं, आता ही मांजरं ओरडायचंच विसरली असतील.

मग कोपऱ्यातली एक म्हातारी पांढरी मांजरी ओरडली. तिच्यामागून दुसरी. मग सगळी एकदम. काचा थरथरल्या. माणसं घाबरून उठली, टोपल्या छातीशी धरून दाराकडे बघू लागली. तीन वर्षांचं सगळं त्या एका खोलीत बाहेर येत होतं आणि ऐकवत नव्हतं. आण्णांनी मात्र कानावर हात नेला नाही.

पांढऱ्या मांजरीच्या मालकीणबाई रडवेल्या होऊन माझ्याजवळ आल्या. तीन वर्षं दर महिन्याला तिला इथं आणतेय, एकदाही ओरडली नाही, आज हिला काय झालं, असं त्या विचारत होत्या.

"माहीत नाही," मी म्हणाले. "चला, आता तिला विचारू या."

तपासणीच्या खोलीत बागवान डॉक्टरांनी जमिनीवर फडकं पसरलं आणि यंत्राचे छतातले दोन हात, घाई न करता वरतीच थांबून, खाली बघू लागले.